चर्मकोरीवकाम

चर्मकोरीवकाम : वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले जाड कातडे ओलसर करून त्यावर सुरीने आकृती रेखणे आणि ठशांच्या साहाय्याने रेषांलगतचा पृष्ठभाग दाबून त्या आकृतीस उठाव आणणे, या कलेस चर्मकोरीवकाम म्हणतात. नावात ‘कोरीव’ हा शब्द असला, तरी लाकडाच्या वा दगडाच्या कोरीवकामाप्रमाणे यात सामान्यतः द्रव्य काढून टाकले जात नाही. ते केवळ कापले व दाबले जाते. खोगीर, पुस्तकाची बांधणी, पट्टे, म्यान यांच्या सजावटीसाठी व्यावसायिक कारागिरांनी जोपासलेली ही कला विसाव्या शतकाच्या मध्यास, मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, लोकप्रिय छंद बनली.

तत्त्व : कच्च्या कातड्यातील कोलॅजन या प्रथिनाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. झाडांच्या सालींतील व फळांतील टॅनिनांनी कातडे कमावल्यास ते टिकाऊ होते. असे कातडे ओले झाले म्हणजे मऊ पडते, दिलेला दाब स्वीकारते आणि वाळल्यावर तोच आकार धरून ठेवते. क्रोमियमच्या लवणांनी कमावलेल्या कातड्यात हा गुण जवळजवळ नसतो. त्यावर उठविलेला ठसा लवकरच विरतो. ऑगस्टस शुल्ट्स यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत क्रोम कमावणीचे एकस्व घेतले व पुढे ही जलद पद्धत सर्वत्र रूढ झाली. त्यामुळे कोरीवकामास योग्य असे कातडे बाजारात आपोआप मिळेनासे होऊन ते मुद्दाम मिळवावे लागू लागले.

प्राचीन व मध्ययुगीन परंपरा : ईजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या ग्रंथबांधणीत नक्षीदार कातड्याचा वापर आढळतो. यूरोपातील सर्वांत जुनी सुस्थितीतील ग्रंथबांधणी ‘सेंट कथबर्ट गॉस्पेल’ या आठव्या शतकाच्या प्रारंभीच्या लहानशा हस्तलिखिताची असून तिच्या लाल कातड्यावर वेलीची उठावदार आकृती आहे. सुमारे १३ शतके उलटूनही तिचा उठाव टिकून आहे. हे हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीने २०१२ मध्ये ९० लक्ष पौंडांस विकत घेतले. पंधराव्या शतकात जर्मनभाषक प्रदेशात सुरीने रेषा कापून सजविलेल्या ग्रंथबांधण्या तयार होत. स्पेनमध्ये मुसलमानी अमदानीत कॉर्दोव्हा हे शहर चर्मकलेचे केंद्र बनले. उत्तम चामड्यासाठी इंग्रजीत रूढ असलेला ‘कॉर्डव्हन’ हा शब्द याच नगरनामावरून आला.

अमेरिकेतील खोगीरकार : सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर घोडा व खोगीर मेक्सिकोत पोहोचले आणि त्यांच्यासह चर्मकामाची परंपराही. मेक्सिकोतील गुराख्यांच्या खोगिरांवरील पानाफुलांची नक्षी एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्निया व टेक्सस येथील खोगीरकारांनी उचलली. हे ज्ञान प्रायः दुकानातील उमेदवारीतून मिळे. विसाव्या शतकात मोटारींचा प्रसार होऊन घोड्याचे महत्त्व घटले. तेव्हा मागणीबरोबर उमेदवारही कमी होऊन ही कला लोपण्याची भीती निर्माण झाली.

छंद म्हणून प्रसार : दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या व्यवसायोपचारात चर्मकामाचा उपयोग करण्यात आला. साधने थोडी, काम बसून करण्याजोगे आणि हातांच्या बोटांना क्रमाक्रमाने व्यायाम देणारे, अशी त्याची सोय होती. बरे झालेल्या अनेकांनी हे काम घरी पुढे चालू ठेवले. टेक्ससमधील फोर्ट वर्थ येथे १९१९ मध्ये हिंकली व टँडी यांनी पादत्राणांच्या साहित्याची पेढी काढली होती. संस्थापकाचा मुलगा चार्ल्स टँडी (१९१८–७८) याने या नव्या हौशी वर्गाची गरज ओळखली व १९५० पासून केवळ चर्मकलेच्या साहित्याची किरकोळ विक्रीची दुकाने उघडण्यास प्रारंभ केला. कातडे, ठसे, नमुने व शिकवणी ही एकाच ठिकाणी मिळू लागली.

शिकवणीच्या बाबतीत अल स्टोलमन (१९१९–९८) यांचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. सैन्यात असताना त्यांना या कलेची गोडी लागली. पुढे त्यांनी कोरीवकाम, हातशिलाई, पेट्या व खोगिरे यांवर चित्रमय पुस्तके लिहिली. प्रत्येक कृतीचे टप्पे, साधन धरण्याची रीत आणि नवशिक्याच्या नेहमीच्या चुका त्यांनी आकृत्या काढून दाखविल्या. दुकानाच्या भिंतीआड राहिलेले ज्ञान अशा रीतीने गुरूविना शिकणाऱ्याच्या हाती आले.

व्यावसायिक परंपराही या काळात खंडित झाली नाही. वायोमिंगमधील शेरिडन येथील खोगीरकार डॉन किंग (१९२३–२००७) यांनी लहान फुलांभोवती वर्तुळाकार वेलींची गुंफण करणारी शैली प्रस्थापित केली. ‘शेरिडन शैली’ या नावाने ती हौशी लोकांतही प्रिय झाली. १९९१ मध्ये किंग यांना अमेरिकेचा राष्ट्रीय लोककला सन्मान मिळाला.

साधने व कृती : सुमारे ३ ते ४ मिमी. जाडीचे कातडे, फिरत्या मानेची सुरी, धातूचे ठसे, लाकडी वा कच्च्या चामड्याची मोगरी आणि संगमरवराची फरशी एवढ्या साहित्यावर प्रारंभ करता येतो. ठशांची डोकी बिघडू नयेत म्हणून लोखंडी हातोडी वापरीत नाहीत.

कातडे ओलविल्यावर त्याचा रंग मूळ रंगाजवळ परत येऊ लागतो, परंतु स्पर्शास ते अजून थंड लागते. हीच कामाची योग्य वेळ होय. फार ओल्या कातड्यावर ठसा धूसर उमटतो व फार कोरड्यावर तो उथळ राहतो. प्रथम आकृती कातड्यावर उतरवून घेतात. नंतर सुरीची मान तर्जनीने दाबून व दांडा अंगठा-बोटांनी फिरवून रेषा कापतात. काप सामान्यतः जाडीच्या एकतृतीयांशापर्यंत असतो. त्यानंतर तिरप्या तोंडाच्या ठशाने रेषेची बाहेरची कड दाबतात. आकृतीला खरा उठाव येथेच येतो. मग पाकळ्यांच्या छटा, पानांच्या शिरा व पार्श्वभूमी यांसाठी निरनिराळे ठसे वापरतात आणि अखेरीस मुक्त हाताने शोभेच्या रेषा कापतात. शेवटी रंग, तेल व संरक्षक लेप देतात.

यात सुरीचे काम सर्वांत कठीण आहे. ठशाची चूक कधीकधी दाबून झाकता येते. कापलेली रेषा मात्र पुसता येत नाही. म्हणून नवशिक्यास कातड्याच्या तुकड्यांवर दीर्घकाळ रेषांचा सराव करावा लागतो. सुरीचे पाते वारंवार चामड्याच्या पट्टीवर घासून धारदार ठेवणे हाही या शिक्षणाचाच भाग होय.

भारत : भारतात चर्मकामाचे कौशल्य प्राचीन असले, तरी ते जातिव्यवस्थेने काही समाजांवर लादलेल्या अस्पृश्यतेशी जखडले गेले. महाराष्ट्रात कातडी कमावणारे ढोर व पादत्राणे करणारे चर्मकार यांच्या हातची वस्तू समाजाने वापरली, परंतु त्या हातांना कलावंताची प्रतिष्ठा दिली नाही. अमेरिकेत हे काम कोणीही हौसेने शिकू शकत होता, तेव्हा येथे ते जन्माने ठरत होते. हा भेद मोडण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. रथींद्रनाथ टागोर व प्रतिमादेवी यांनी यूरोपीय चर्मकलेचा परिचय करून घेऊन शांतिनिकेतन-श्रीनिकेतन येथे तिचे शिक्षण रुजविले. पातळ कातड्यावर आकृती दाबून ती रंगविण्याची तेथील पद्धत पिशव्यांमुळे प्रसिद्ध झाली. वर्ध्याजवळील नालवाडी येथे गांधीजींच्या प्रेरणेने चर्मालय चालविण्यात आले व मृत जनावरांची कातडी कमावण्याच्या कामाला श्रमप्रतिष्ठा देण्याचा प्रयत्न झाला.

बाभळीची साल व हिरडा यांनी कातडे कमावण्याची कोल्हापुरी चपलेची परंपरा वनस्पतिजन्य कमावणीचीच आहे. या चपलेस २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी ४ जिल्ह्यांसाठी भौगोलिक निर्देशांक मिळाला.

सद्यःस्थिती : अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस या छंदास काही काळ ओहोटी लागली. टँडीची दुकाने बंद पडली व २००० मध्ये हा व्यवसाय फोर्ट वर्थच्याच दुसऱ्या चर्मसाहित्य कंपनीने घेतला. पुढे चित्रफितींद्वारे मिळणाऱ्या शिकवणीमुळे शिकणाऱ्यांचा वर्ग देशोदेशी पसरला. साधने व पुस्तके आज सहज मिळतात. कातड्याचा ओलावा ओळखणे मात्र आजही बोटांनाच शिकावे लागते.