फिल्म एक, नावे अनेक

गिरगावातल्या खोताच्या वाडीत शिरले की लाकडी जिन्यांची आणि कठड्यांची घरे पाहून आजही हात कॅमेऱ्याकडे जातो. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावावरून ही वाडी ओळखली जाते. ईस्ट इंडियन कुटुंबांनी इथे आपली घरे बांधली. त्यांतली कित्येक घरे आता उरलेली नाहीत. जी गेली ती पाहायची तर जुन्या फोटोंतच पाहावी लागतात. फोटो कोणी काढला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना बहुधा आठवते. पण तो ज्या फिल्मवर उतरला ती कुठून आली, असे कोणी विचारीत नाही. या साध्या प्रश्नामागे बराच इतिहास आहे. त्यातली मौज अशी की, डबीवरचे नाव आणि आतल्या मालाचे माहेर यांचा मेळ बसेलच असे नाही.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्ट्यावर जिलेटिनात कालवलेल्या चांदीच्या क्षारांचा अतिशय पातळ थर. हा थर अंधारात, धुळीचा कणही न पडू देता, सारखा पसरवणे हे काम इतके नाजूक आणि खर्चाचे आहे की, असे कारखाने जगात थोडेच निघाले. मात्र रुंद पट्टा एकदा तयार झाला की तो कापणे, त्याला भोके पाडणे आणि डबीत भरणे ही कामे दुसरीकडेही करता येतात. नाव बदलायला वाव मिळतो तो इथेच.

आपल्याकडे या कामाचा धडा गिरवला गेला तो दादासाहेब फाळक्यांच्या घरी. १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यम्सन कॅमेरा व भोके पाडण्याचे यंत्र मिळवून परतले. कोडॅकची कच्ची फिल्म येई ती बिनभोकांची. दिवसभराची कामे उरकून सरस्वतीबाई रात्री अंधारात तिच्या कडांना भोके पाडीत. फिल्म धुण्यातही त्यांचा हात असे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा कथा आपली, माणसे आपली, मेहनतही आपली होती. परकी होती ती फक्त फिल्म.

हे परावलंबन केवढे महागात पडते, ते दुसऱ्या महायुद्धात कळले. बाहेरून येणारा माल आटला. १९४२ साली सरकारने चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घातली आणि १९४३ पासून कच्ची फिल्म परवान्यावर मिळू लागली. फिल्म आपण करू शकत नव्हतो. म्हणून ती किती मिळणार, हे दुसरे ठरवीत.

तिकडे जर्मनीत याच युद्धाने एक वेगळेच नाटक घडवले. वोल्फेन या गावी आगफा कंपनीचा फिल्मचा मोठा कारखाना १९१० च्या सुमारास उभा राहिला होता आणि १९३६ साली आगफाने रंगीत फिल्मही बाजारात आणली होती. युद्धानंतर देशाची वाटणी झाली. वोल्फेन पूर्वेकडे राहिले आणि पश्चिमेकडच्या लेव्हरकुझेनमध्ये दुसरा आगफा उभा राहिला. भाऊबंदकीत आडनावावरून वाद व्हावा, तसेच झाले. अखेर १९६४ साली वोल्फेनने आगफा हे नाव सोडले आणि ‘ऑर्वो’ हे घेतले. त्याचा अर्थ ‘अस्सल वोल्फेन’. कारखाना तोच होता, पाटी तेवढी नवी.

ही नवी पाटी आपल्या देशात चांगलीच रुळली. पूर्व जर्मनीशी आपला व्यापार रुपयांत चाले. डॉलर-पौंडांची चणचण असलेल्या त्या दिवसांत ही मोठीच सोय होती. कितीतरी हिंदी चित्रपटांच्या नामावलीत ‘ऑर्वोकलर’ हा शब्द झळकला.

स्वतःची फिल्म करण्याचा प्रयत्न आपणही केला. १९६० साली उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. बोशे या फ्रेंच कंपनीचे तंत्र घेऊन १९६७ साली उत्पादन सुरू झाले आणि मालाला नाव मिळाले ‘इंदू’. कृष्णधवल रोल आणि क्ष-किरणांची फिल्म या नावाने घरोघरी आणि दवाखान्यांत पोहोचली. पण रंगीत मालासाठी परदेशी रुंद पट्टे आणून इथे कापण्याचा मार्गही धरावा लागला. लेबल देशी, माहेर परके, हे कोडे तिथेही सुटले नाही. १९९६ साली कारखाना आजारी ठरला आणि पुढे बंद पडला.

आज तर नावांची सरमिसळ अधिकच झाली आहे. आगफा-फोटो २००५ साली दिवाळखोरीत गेली, तरी ते नाव दुसऱ्यांनी केलेल्या फिल्मवर टिकून राहिले. कोडॅकची फिल्म अमेरिकेतल्या रॉचेस्टरला तयार होते. पण २०१३ नंतर तिचे फोटोचे रोल विकण्याचे काम वेगळ्या कंपनीकडे गेले. फुजीफिल्मच्या काही डब्यांवर ‘अमेरिकेत तयार’ असे छापलेले दिसते. सिनेमाची फिल्म कापून, डबीत भरून नव्या नावाने विकणारेही आहेत. यात फसवणूकच असते असे नाही. कारखाने थोडे उरले आणि नावे मात्र पुष्कळ, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईत रोल आजही मिळतो. पण दुकाने मोजकी आणि किंमत चढी.

तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा निगेटिव्हांचा डबा खाली आला, तर तो रद्दीत टाकण्याची घाई करू नये. फिल्मच्या कडेला करणाऱ्याचे नाव बहुधा छापलेले असते. तिथे ‘सेफ्टी’ हा शब्द असेल, तर ती चटकन पेट घेणाऱ्या जुन्या जातीची नव्हे. शिरक्यासारखा आंबूस वास आला, तर तेवढी पट्टी वेगळी काढावी. बाकीच्या कागदी पाकिटांत घालून कोरड्या जागी ठेवाव्यात. मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही. आणि प्रत्येक पाकिटावर फोटोतल्या माणसांची आणि घराची नावे लिहावीत. फिल्मचे नाव कारखाना छापतो. आजीचे नाव, पाडलेल्या घराचे नाव आपण लिहिले नाही, तर ते कुठेच सापडणार नाही.