देवामागचे तोरण

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर राजराज चोळाच्या काळातले शिलालेख आहेत. मंदिराला कोणकोणत्या धातुमूर्ती अर्पण झाल्या, याचा तपशील अकराव्या शतकाच्या आरंभी तिथे कोरून ठेवला गेला. मूर्तीची उंची, तिचे हात, तिचे पीठ, सगळे मापासकट. त्याच यादीत मूर्तीमागच्या प्रभेचे मापही वेगळे दिलेले आढळते. नोंद करणाऱ्यांच्या लेखी प्रभावळ हा मूर्तीच्या घडणीतला मोजून-मापून घेण्याचा भाग होता. आज आपण तिच्याकडे नक्षी म्हणून पाहतो, आणि तिच्यात सांगितलेले बरेच काही न वाचताच हात जोडून पुढे सरकतो.

मूर्तीमागे तेज दाखवण्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी. कुषाण सम्राट कनिष्काच्या सोन्याच्या नाण्यांवर उभा बुद्ध आहे. त्याच्या मस्तकाभोवती वलय आहे आणि देहाभोवतीही. मथुरेच्या शिल्पकारांनी या वलयाची कड कातरली, गुप्तकाळात सारनाथला त्यावर वेलबुट्टी आली. तोवर ते डोक्यामागचे चक्रच होते, सूर्यबिंबासारखे. पुढे मात्र त्याला पाय फुटले. दोन बाजूंना खांब, खांबांवर मकर, मकरांच्या जबड्यांतून निघून वर जाणारी कमान आणि शिरोभागी कीर्तिमुख, असे त्याचे रूप ठरत गेले. हे रूप देवळाच्या दाराचे आहे. गाभाऱ्यापुढचे मकरतोरण आकाराने लहान होऊन मूर्तीच्या पाठीशी आले, म्हणून घरच्या देव्हाऱ्यातली वीतभर मूर्तीसुद्धा स्वतःच्या दारात उभी असते.

या दाराचा पहारेकरी म्हणजे कीर्तिमुख. त्याची कथा पुराणांत येते. जालंधर दैत्याने राहूला शंकराकडे धाडले आणि पार्वतीची मागणी केली. शंकराच्या क्रोधातून सिंहमुखी, हाडकुळा, भुकेने पेटलेला एक गण निघाला आणि राहूवर धावला. राहू शरण आला, शंकराने त्याला सोडले. मग गणाने विचारले, आता मी खाऊ काय? स्वतःचेच मांस खा, अशी आज्ञा झाली. त्याने पायापासून सुरुवात केली आणि मुख तेवढे उरेपर्यंत तो थांबला नाही. प्रसन्न होऊन शंकराने त्याला आपल्या दारी कायमची जागा दिली. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांत तो गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर भेटतो, प्रभावळीत देवाच्या मस्तकावर. अहंकार गिळून उरलेला चेहरा देवाच्याही वर बसवावा, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याची झेप विलक्षण म्हटली पाहिजे.

मकराचे काम वेगळे. सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, शेपटी फुलोऱ्यासारखी पसरलेली. तो गंगेचे आणि वरुणाचे वाहन आहे, म्हणजे पाण्याचा प्राणी. खाली पाणी आणि वर तेज अशी ही मांडणी असते. नटराजाभोवती तर ज्वालांचेच वर्तुळ असते. तमिळनाडूत त्याला तिरुवाशी म्हणतात आणि शैव परंपरा त्यात ओंकार पाहते. बेलूरच्या चेन्नकेशवाच्या प्रभावळीत विष्णूचे दहा अवतार कोरलेले आहेत, त्यामुळे एका मूर्तीपुढे उभे राहून दहाही रूपांचे दर्शन घडते. महाराष्ट्रात देवामागे फणा काढलेला नाग वारंवार येतो. खंडोबाच्या टाकांवर दिसणारे सूर्य-चंद्र वीरगळांवरही आहेत आणि जुन्या दानलेखांवरही. चंद्रसूर्य असेपर्यंत हे टिको, असा त्यांचा अर्थ.

चोळांच्या मूर्ती तांब्यात कथील आणि शिसे मिसळलेल्या धातूच्या होत्या. घरचे देव मात्र बहुधा पितळेचे. पितळेला जस्त लागते, आणि ते शुद्ध रूपात मिळवणे अवघड. भट्टीच्या उष्णतेत त्याची वाफ होऊन जाते. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर इथे ही वाफ थंड करून जस्त धरण्याची विद्या मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर चालू होती. घराघरांतल्या पिवळ्याधमक देवांमागे अशा भट्ट्यांचाही इतिहास आहे.

ओतकामाची कृती मात्र आपल्या जवळच्या ग्रंथात लिहिलेली सापडते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर चढवायचे, तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत रस ओतायचा, हे सारे त्यात आहे. मेणाच्या वजनाला धातू किती लागेल, याचेही प्रमाण आहे, आणि ते चांदीला वेगळे, सोन्याला वेगळे. प्रभावळीसाठी दुसरीही वाट आहे: पत्रा राळेवर बसवून मागून-पुढून ठोकत नक्षी उठवायची. देवळांतल्या चांदीच्या मोठ्या प्रभावळी बऱ्याचदा अशा पत्र्याच्याच असतात.

प्रभावळ अनेकदा वेगळी घडवून पीठाच्या खोबणीत बसवली जाते. मिरवणुकीत, घासताना, वाटणीत ती सुटते. चोळकाळातल्या कितीतरी मूर्ती आज संग्रहालयांत प्रभेविना उभ्या आहेत. पीठावरच्या रिकाम्या खुंट्या तेवढ्या तिची आठवण सांगतात. आपल्या घरांतही हेच घडते. मूर्ती देव्हाऱ्यात राहते, आणि वाकलेली, एखादा मकर तुटलेली कमान जुन्या भांड्यांबरोबर मोडीत जाते. तिथे तिला पितळेच्या वजनाचाच भाव मिळतो.

घरात अशी एखादी प्रभावळ पडून असेल, तर ती मोडीत घालू नका. चिंच लावून घासा, वरचा चेहरा आणि बाजूचे मकर मुलांना दाखवा, त्यांची गोष्ट सांगा आणि ती ज्या मूर्तीची आहे तिच्यामागे पुन्हा बसवा.