आजीचं मिठाचं पाणी

परवा पारनेरहून मामेभावाचा फोन. "ताई, आजी बाजरीच्या बियाला मीठ किती घालायची गं?" यंदा त्याने घरचं बी ठेवलंय.

आजीच्या लहानपणी एकदा बाजरीच्या भाकरीने घरात सगळ्यांना ओकाऱ्या झाल्या. तिचा धाकटा भाऊ तर दिवसभर गुंगीत होता. तेव्हापासून तिने काळ्या दाण्यांची धास्ती घेतली. ते दाणे म्हणजे अरगट. बाजरी फुलोऱ्यात असताना हवा ढगाळ, दमट झाली की बुरशी फुलात शिरते. कणसातून गुलाबी चिकट थेंब गळतात, मग दाण्याच्या जागी बुरशीचीच काळी, कडक गाठ. १९५६ साली साताऱ्याकडे याची मोठी साथ आली होती.

युरोपात राय नावाच्या धान्यावरच्या अरगटाने मध्ययुगात माणसांचे हातपाय झडले. आपल्याकडे मळमळ आणि गुंगी. असं का? तर बुरशीच निराळी, म्हणून विषही निराळं! १९६७ मध्ये लव्हलेस यांनी बाजरीवरचीला क्लॅव्हिसेप्स फ्युजिफॉर्मिस हे स्वतंत्र नाव दिलं. ज्वारीवरचा चिकटा याच भावकीतला, पण तोही वेगळा. क्लॅव्हिसेप्स सॉर्घी हे नाव १९७६ सालचं. एकेका गवताच्या फुलाशी जमवून घेता घेता पिढ्यान्‌पिढ्या मूळच्या बुरशीच्या वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या. आमच्या भावकीसारखंच, असो.

भावाला सांगितलं, दहा लिटर पाण्याला दोन किलो. तरंगेल ते जाळायचं, कोंबड्यांनाही टाकायचं नाही. खालचं बी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळव.