गुलामचोर

मिलोश फोरमन यांच्या ‘चेर्नी पेत्र’ (१९६४) या चेक चित्रपटाचं नाव पत्त्यांच्या डावावरून आलंय: नकोसं पान ज्याच्या हाती उरेल तो हरला. म्हणजे आपला गुलामचोर. त्यातल्या पोरसवदा पेत्रला दुकानात चोरांवर नजर ठेवायची असते. चोरी दिसूनही त्याला हटकवत नाही. घरी वडिलांचा उपदेश सुरूच. शेवटी त्यांचं वाक्य अर्ध्यावर असतानाच चित्र गोठतं. मी याला थोरांची टिंगल समजत होते. पण फोरमनचे आईवडील नाझी छावण्यांत गेले, तेव्हा ते लहान होते. १९६४ मध्येच त्यांना जुळे मुलगे झाले. एकाचं नाव पेत्र. आता ते अर्धं वाक्य मला टिंगल वाटत नाही. ऐकायचं राहून गेलेलं वाटतं.