गाणं आधी, पाटी नंतर

संगीत शिकलं की मुलांचे मार्क वाढतात, असं आपण नेहमी ऐकतो. या समजाला हवा मिळाली ती १९९३ साली. ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. मोझार्टचं संगीत ऐकल्यावर कॉलेजच्या मुलांनी आकृत्यांची कोडी जरा बरी सोडवली. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं! पुढे लोकांनी त्याचं ‘बाळाला मोझार्ट ऐकवा, हुशार होईल’ असं करून टाकलं. म्हणून आज मार्कांचं बाजूला ठेवू. गाण्यातून माणसं खरोखर काय शिकली, ते आपल्या नंदुरबारमध्ये बघू.

१९३० नंतरचा काळ घ्या. तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेशात होता. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. तळोदा तालुक्यात मोरवडचे गुलाम महाराज आदिवासींना सांगत होते, दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. मग हे पोचलं कसं? आरतीतून. हजारो लोक एकत्र येऊन आरती म्हणायचे. जे तोंडपाठ झालं ते पाड्यापाड्यावर गेलं. १९३८ साली महाराज वारले, पण आरती थांबली नाही. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे नेलं.

दुसरं उदाहरण शहाद्याचं. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत, कारण ते भजनं म्हणायचे. सालदार दिवसभर मालकाच्या शेतात राबणार, त्याला सभेला बोलावलं तर तो बिचकणार. भजनाला मात्र तो येतो. माणसं जमायची, बसून ऐकायची, सूर मिळवायची सवय तिथे लागली. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा झाला आणि पुढे श्रमिक संघटना उभी राहिली, त्यामागे ही सवय होती असं मला वाटतं. त्याच चळवळीतून वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी मराठीला मिळाला.

तिसरं उदाहरण शाळेचंच आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदाकाठी चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा सुरू झाल्या. गावं धरणात बुडायच्या वाटेवर, सरकारी शाळा बऱ्याच ठिकाणी कागदावर. या शाळांनी मुलांच्या पावरी-भिलोरी बोलीपासून सुरुवात केली, गाणी-गोष्टी वर्गात आणल्या.

आता यात फायदा काय, ते बघा. पहिलीतल्या पावरा मुलापुढे दोन अनोळखी गोष्टी एकदम येतात, लिपी आणि मराठी. गाणं त्यातली एक सोपी करतं. तालावर शब्द तुटतो, त्याचे आवाज सुटे ऐकू येतात, आणि वाचायला शिकताना नेमकं हेच लागतं. शिवाय सगळ्यांबरोबर गाताना चुकलं तरी कुणी एकट्याला उभं करत नाही. लाजरं मूलही तोंड उघडतं.

आज आपल्या कितीतरी शाळांत ढोल निघतो तो स्नेहसंमेलनाला. पाहुणे टाळ्या वाजवतात, दुसऱ्या दिवशी ढोल परत खोलीत. ज्या मुलाच्या घरी होळीला रात्रभर गाणं चालतं, ते मूल वर्गात वर्षभर गप्प बसतं, आणि आपण म्हणतो ‘याला काही येत नाही’. त्याला येतं ते आपण विचारलंच नाही. संगीताचा तास ठेवाच. पण त्याच्याही आधी त्या मुलाला म्हणा, ‘तुझं गाणं म्हण बरं.’ तिथून पाटी सुरू करा.