मेगाव्हालांश शर्यतीतील सायकली

मेगाव्हालांश ही फ्रान्सच्या इझेर विभागातील आल्प द्युएझ येथे दरवर्षी उन्हाळ्यात होणारी माउंटन बायकिंगची लांब पल्ल्याची उतार शर्यत आहे. १९९५ साली सुरू झालेली ही शर्यत ३,३३० मीटर उंचीच्या पिक ब्लाँ शिखरावरून सुटते आणि सुमारे ७२० मीटर उंचीवरील आलमों या गावात संपते. सुमारे २० किलोमीटरच्या मार्गात स्पर्धक जवळजवळ २,६०० मीटर खाली उतरतात. शर्यतीच्या नावात ‘हिमप्रपात’ या अर्थाचा फ्रेंच शब्द दडलेला आहे. शेकडो स्पर्धक एकाच वेळी बर्फावरून खाली सुटतात, तेव्हा ते नाव अतिशयोक्त वाटत नाही.

हिमनदी, उघडा खडक, गवताळ पठार, मधले चढ आणि शेवटी झाडीतली मुळांनी भरलेली वाट हा सर्व प्रवास एकाच सायकलवर करावा लागतो. त्यांपैकी एका टप्प्यासाठी उत्तम असलेली सायकल दुसऱ्या टप्प्यात अडचणीची ठरते. त्यामुळे सायकलीची निवड हा या शर्यतीच्या तयारीचा महत्त्वाचा भाग मानला जातो.

मार्ग

सायकलप्रेमींना आल्प द्युएझ हे नाव परिचित असते ते टूर द फ्रान्समुळे. १९५२ साली फाउस्तो कोप्पी याने जिंकलेल्या टप्प्यापासून तेथील २१ वळणांचा डांबरी घाट प्रसिद्ध आहे. मेगाव्हालांशचा त्या घाटाशी संबंध नाही. तिचा प्रारंभ गावाच्या बराच वर, सारेन हिमनदीवर होतो. सकाळी हा बर्फ रात्रीच्या थंडीने कडक झालेला असतो. ऊन चढू लागले की तो भुसभुशीत होतो आणि पुढच्या सायकलींनी पाडलेल्या चरांत मागच्यांची चाके अडकतात. पुढील रांगेतील जागा आधीच्या पात्रता फेरीवरून ठरते. मागील रांगांतील स्पर्धकांना पडलेल्या माणसांमधून आणि सायकलींमधून वाट काढावी लागते.

सारेन हिमनदीच्या वस्तुमानाची मोजमापे १९४९ पासून घेतली गेली आणि ती झपाट्याने आटली आहे. बर्फ अपुरा असला की प्रारंभाची जागा व वरचा मार्ग बदलावा लागतो. बर्फाचा टप्पा जितका कमी, तितका खडकाचा टप्पा अधिक. त्यामुळे सायकलीची निवडही बदलते.

सायकलीचा प्रकार

अवघ्या उतारासाठी बनविलेली डाउनहिल सायकल येथे प्रथमदर्शनी योग्य वाटते. तिच्या सस्पेन्शनचा पल्ला, म्हणजे धक्का शोषताना चाक जितके वर सरकू शकते ते अंतर, सुमारे २०० मिलिमीटर असतो. वरच्या खडकाळ भागात तिला तोड नाही. परंतु तिची सीट कायम खाली असते, गिअर मोजके आणि जड असतात व वजन १६-१७ किलोपर्यंत जाते. मधल्या टप्प्यातील चढांवर असा स्पर्धक बहुधा उतरून सायकल ढकलताना दिसतो आणि उतारावर मिळवलेली आघाडी तेथे गमावतो. याउलट १०० ते १२० मिलिमीटर पल्ल्याची हलकी क्रॉस कंट्री सायकल चढ सहज कापते. पण खडकांवर तिचे टायर फाटतात आणि तिच्या उभट मांडणीमुळे तीव्र उतारावर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाण्याचा धोका वाढतो.

या दोहोंच्या मधली एंड्युरो सायकल आज बहुसंख्य स्पर्धक वापरतात. तिचा पल्ला १५० ते १७० मिलिमीटर, वजन साधारण १४ ते १६ किलो आणि हँडलच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन ६३ ते ६५ अंश असतो. हँडलवरील कळ दाबून सीट वरखाली करता येणे हा तिचा सर्वांत उपयुक्त गुण म्हणावा लागेल. उतारावर सीट मार्गातून दूर होते आणि चढावर पाय पूर्ण लांबवून जोर लावता येतो. ही सोय २०१० नंतर सर्रास झाली. पुढे एकच दातेरी चक्र आणि मागे विस्तृत कॅसेट असलेल्या गिअरची तिला जोड मिळाली आणि उतारावर भक्कम असलेली सायकल चढावरही चालवता येऊ लागली.

शर्यत सुरू झाली तेव्हा असा वर्गच अस्तित्वात नव्हता. १९९५ मधील माउंटन बाइकला २६ इंची चाके आणि रिमवर दाबणारे ब्रेक असत, तर सस्पेन्शन बहुधा तुटपुंजे असे. एंड्युरोची जागतिक मालिका २०१३ साली सुरू झाली. त्याआधी कित्येक वर्षे मेगाव्हालांशमधील स्पर्धक स्वतःच भाग जुळवून हा मधला मार्ग शोधत होते. ही शर्यत अनेकदा जिंकणारे स्वित्झर्लंडचे रेने विल्डहाबर आणि फ्रान्सचे रेमी आब्सालों हे दोघेही पुढे एंड्युरो प्रकारातील नामांकित स्पर्धक म्हणून ओळखले गेले.

चाकांच्या आकाराबाबत एकमत नाही. २९ इंची चाके खड्ड्यांवरून सुलभतेने जातात व वेग टिकवतात. कमी उंचीचे स्वार मागील चाक २७.५ इंची ठेवणे पसंत करतात, कारण तीव्र उतारावर शरीर मागे नेताना मोठे चाक मांड्यांना घासते.

टायर

या शर्यतीत सायकल निकामी होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण पंक्चर हे आहे. हलके टायर येथे खोटी काटकसर ठरतात. दुहेरी थराचे, प्रत्येकी एक किलोहून अधिक वजनाचे ट्यूबविरहित टायर वापरले जातात व मागील चाकात अनेकदा रिमच्या रक्षणासाठी फोमची पट्टी बसवली जाते.

हवेच्या दाबाचा प्रश्न उंचीमुळे गुंतागुंतीचा होतो. पिक ब्लाँवर वातावरणाचा दाब सुमारे ०.६७ बार, तर आलमोंमध्ये सुमारे ०.९३ बार असतो. म्हणून खाली १.७ बार भरलेला टायर तापमान तेच राहिल्यास वर सुमारे ०.२६ बारने अधिक टणक होईल. मात्र खाली २५ अंश सेल्सियस आणि शिखरावर शून्याच्या आसपास तापमान असेल, तर थंडीने हवा आकुंचन पावून ही वाढ बहुतांशी रद्द होते. उबदार सकाळी तसे घडत नाही. बर्फावर पकडीसाठी मऊ टायर हवा आणि लगेच पुढच्या खडकांसाठी कडक. बहुतेक जण खडकाला झुकते माप देतात.

ब्रेक

स्वार आणि सायकल मिळून ९५ किलो वजन धरल्यास २,६०० मीटरच्या उताराची स्थितिज ऊर्जा सुमारे २४ लाख ज्यूल होते. तेवढ्या उष्णतेत सात लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. यातील काही भाग हवेच्या आणि टायरच्या घर्षणात जातो, परंतु मोठा वाटा दोन डिस्कना सोसावा लागतो. त्यामुळे चार पिस्टनचे ब्रेक, २०० मिलिमीटरच्या आसपासच्या डिस्क आणि धातुमिश्रित पॅड ही जवळजवळ सार्वत्रिक पसंती आहे. जुने, ओलावा शोषलेले ब्रेक द्रव उष्णतेने उकळले तर ब्रेकचा दांडा थेट हँडलला टेकतो. ब्रेक जितके कमी ताकदीचे, तितकी बोटे व दंड लवकर आखडतात. विजेते साधारण पाऊण तासात उतरतात. हौशी स्पर्धकाचा हात मात्र त्याहून बराच अधिक काळ ब्रेकवर असतो.

भाड्याने सायकल घेणाऱ्यांनी एक बाब तपासणे अगत्याचे असते. फ्रान्समध्ये पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, तर ब्रिटन व भारतात तो उजव्या हाताला असण्याची प्रथा आहे. ही अदलाबदल बर्फावर प्रथम लक्षात येणे धोक्याचे आहे.

पॅडल व संरक्षक साहित्य

बुटाला अडकणारी पॅडल खडकांवर पाय घट्ट धरतात, पण त्यांच्या यंत्रणेत बर्फ भरला की बूट अडकत नाही. प्रारंभीच्या गर्दीत पाय पटकन टेकता यावा म्हणून अनेक जण सपाट पॅडल निवडतात. चेहरा झाकणारे हेल्मेट व पाठीचे संरक्षक कवच अनिवार्य असते.

रेयूनियों येथील शर्यत

याच नावाची शर्यत हिंदी महासागरातील रेयूनियों या फ्रेंच बेटावरही होते. ती माइदोच्या सुमारे २,२०० मीटर उंचीवरील कड्यापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत उतरते. तेथे हिमनदी नाही. ज्वालामुखीय खडक आणि ओलसर झाडी यांना अनुसरून टायर निवडावे लागतात.