लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, चिपळूण

लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण शहरातील सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्याची स्थापना १८६४ मध्ये झाली. कोकणातील जुन्या ग्रंथालयांपैकी ते एक असून ‘लोटिस्मा’ या संक्षिप्त नावानेही ओळखले जाते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांच्या व तालुक्यांच्या गावी वाचनालये स्थापन होऊ लागली. रत्नागिरी येथील ग्रंथालयाची स्थापना १८२८ मधील आहे. चिपळूणचे वाचनालय याच परंपरेतील होय. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या स्मरणार्थ त्यास सध्याचे नाव देण्यात आले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये राज्यातील अशा ग्रंथालयांना मान्यता व अनुदान देण्याची व्यवस्था झाली.

महापूर व ग्रंथहानी

चिपळूण शहर वाशिष्ठी नदीच्या काठी वसले असून शिव नदी शहरातून वाहते. वाशिष्ठी पुढे खाडीस मिळते. अतिवृष्टीच्या वेळी खाडीस भरती असल्यास पाण्याचा निचरा मंदावतो आणि बाजारपेठेसह सखल भाग जलमय होतो. २६ जुलै २००५ च्या आणि त्यानंतर २२ जुलै २०२१ च्या महापुरात ग्रंथालयाची मोठी हानी झाली. भिजलेल्या ग्रंथांची पाने एकमेकांस चिकटतात, गाळ बसतो व लवकरच बुरशी धरते. त्यामुळे असे ग्रंथ वाचवणे कठीण असते. नवी पुस्तके पुन्हा विकत घेता येतात. पुनर्मुद्रण न झालेले जुने ग्रंथ व नियतकालिकांचे अंक मात्र सहसा पुन्हा मिळत नाहीत. २०२१ च्या पुरानंतर वाचकांनी व साहित्यप्रेमींनी दिलेल्या ग्रंथभेटींचा संग्रहाच्या पुनर्उभारणीस हातभार लागला.

साहित्यिक व सांस्कृतिक कार्य

ग्रंथांच्या देवघेवीपलीकडे ही संस्था साहित्यविषयक उपक्रम राबवते. जानेवारी २०१३ मध्ये चिपळूण येथे भरलेल्या ८६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद तिच्याकडे होते. नागनाथ कोत्तापल्ले हे या संमेलनाचे अध्यक्ष होते. संस्थेने कोकणातील जुन्या वस्तूंचे संग्रहालयही उभारले आहे.

हेही पाहा

चिपळूण
वाशिष्ठी नदी
अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन